शनिवारचा बार

“पी की गं बाई! दर शनिवारी देऊन राह्यले, तरी तुझी तहान काई भागंना. आन् वरून कण्हती! माझी कंबर धरलीय चार दिवस झाले, मी कण्हले का?”

मोनिकाने श्वास रोखला. ती डोक्यापर्यंत कापसात बुडालेली होती. लपाछपीला या घरात याच्याइतकी फर्मास जागा दुसरी नव्हती. वेचून आणलेला कापूस मधल्या खोलीत निम्म्या भिंतीपर्यंत रचलेला. त्यात एकदा शिरलं, की राज्य असणाऱ्याने खुशाल तुळशीच्या लग्नापर्यंत शोधत बसावं! पण उषामामी अशी अवेळी खोलीत येईल आणि कुणाशी तरी भांडायला लागेल, हे तिला कुठे ठाऊक होतं?

आणि भांडत होती तरी कुणाशी? खोलीत तर कुणीच नव्हतं!

मोनिकाने नाकासमोरचा कापूस हळूच फुंकला. समोरच्या भिंतीवर खुंटीला निळ्या कापडाची लांबडी खोळ टांगलेली होती. मामीने खोळीचं तोंड सोडलं होतं आणि आतून लोखंडी नळी वर डोकावत होती. हातातल्या वाटीतलं करडईचं तेल मामी त्या नळीत ओतत होती. तान्ह्या बाळाला पाजावं तसं, थेंब थेंब, मान वाकडी करून. वाटी रिकामी झाली. मामीने पदराने नळीचं तोंड पुसलं, खोळ बांधली आणि ती कंबर धरून निघून गेली.

मोनिका कापसातच हबकली. भुताच्या भीतीने नव्हे, ती पाळी नंतर आली. ‘अर्धी वाटी तेल! बंदुकीत! नेमबाजी शिकवणाऱ्या धर्मराज सरांनी हे बघितलं असतं, तर त्यांना झीट आली असती!’

ती बंदूक भुजंगमामाची होती. भुजंगमामा म्हणजे मोनिकाच्या आईचा थोरला भाऊ, उषामामीचा नवरा. घरची मेंढरं, शेळ्या आणि मागची मोसंबीची बाग धाकट्या गोरक्षमामाने सांभाळायची. थोरल्याने जत्राजत्रांतून फुगे फोडायचं दुकान मांडायचं, अशी दोघा भावांची वाटणी. फळीवर रंगीबेरंगी फुगे आणि पुढे ही छर्‍यांची बंदूक. नळी मधोमध मोडून खाली ओढायची, की आतली स्प्रिंग दबते. मग छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. स्प्रिंग सुटते, वाऱ्याचा धक्का बसतो आणि फुगा फट्! मोनिका सात वर्षांची असताना त्यानेच तिला पहिला फुगा फोडायला शिकवलं होतं. “डोळा नको मिटू पोरी, श्वास मिट!” म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो गंगेपलीकडच्या जत्रेला निघाला. गोदावरीला घनसावंगीकडच्या या गावांत गंगाच म्हणतात. ही बंदूक त्या दिवशी घरी राहिली, तो दुसरी घेऊन गेला. पुलावरून पाणी वाहत होतं. मोटरसायकल तिसऱ्या दिवशी सापडली. फुग्यांची पेटी सातव्या दिवशी सापडली.

एवढंच सापडलं.

तेव्हापासून खापरवाडीच्या या घरात भुजंगमामा ‘बाहेर’ होता. तो ‘आला की’ घराला रंग द्यायचा होता, तो ‘आला की’ बागेत नवीन पाइप टाकायचा होता. जालन्याला मस्तगडच्या घरातून मोनिकाची आई फोन करायची आणि म्हणायची, “दादाचं काही कळलं का रे?” पलीकडून गोरक्षमामा पावसापाण्याचं काहीतरी सांगायचा. एक शब्द होता, तो सगळ्यांच्या जिभेपर्यंत यायचा आणि परत आत जायचा. मोनिकाच्यासुद्धा.

या दिवाळीच्या सुटीत मोनिका आणि तिचा धाकटा भाऊ हरिओम आले होते ते फराळासाठी, असं हरिओमचं म्हणणं. मोनिका आली होती बंदुकीसाठी. सुटी संपल्यावर आठच दिवसांनी शाळेच्या नेमबाजी संघाची निवड होती. शाळेत बंदूक एक आणि मुलं चौदा! “ज्यांच्या घरी असेल त्यांनी आणा,” सर म्हणाले होते, “नाहीतर सरावाला आठवड्यातून पाच छर्रे मिळतील. पाच छर्‍यांत कुणी नेमबाज झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.”

गोरक्षमामाला विचारलं, तर तो शेळीच्या गळ्यातली दोरी उगीचच सोडत-बांधत म्हणाला, “दादा येऊ दे. त्याला विचारू. मंग घेऊन जाय.”

आता यावर काय बोलायचं?

“सापडली! सापडली!” हरिओमने तिचा कान पकडून तिला कापसातून बाहेर ओढलं. मागून सोमेश्वर आला. हा गोरक्षमामाचा मुलगा, बारा वर्षांचा. त्याची आई बाळंतपणासाठी परतूरला माहेरी गेली होती आणि घरात आपणच आता कर्ते आहोत, असा त्याचा समज होता.

“सोमू, मामी बंदुकीत तेल का ओतते?”

सोमूचा चेहरा उतरला. “तू बघितलंस? कुणाला सांगू नको. आज शनिवार हाय. दिवस बुडायच्या टायमाला मोठे बाबा येतेत.”

“कोण?”

“मोठे बाबा. तुझे भुजंगमामा. बार काढून जातेत. आम्ही कुणीच मागच्या दारी जात न्हाई तेव्हा.”

“हॅट्!” हरिओम म्हणाला, पण म्हणता म्हणता तो मोनिकाच्या जवळ सरकला.

सूर्य मोसंबीच्या झाडांमागे गेला. मामीने चूल पेटवली होती आणि भाकरी थापता थापता ती मध्येच थांबत होती. थापायची, थांबायची, ऐकायची. अंगणातल्या कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या होत्या. सोमूने दोन्ही कानांत बोटं घातली.

धाडऽऽ!

बागेतले पोपट किंचाळत उडाले. आवाजामागोमाग एक लांबलचक कण्हणं आलं, ऊंऽऽऽ… जसं कुणी खोल विहिरीतून उसासा टाकावा. मग सगळं शांत.

हरिओमने मोनिकाचा हात घट्ट धरला. पण मामी? मामी हसत होती! चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या सैल झाल्या होत्या. “चला, बसा जेवायला,” ती म्हणाली. “जल्दी करा. भाकरी गार होऊन राह्यली.”

थोड्या वेळाने गोरक्षमामा पुढच्या दाराने आत आला, हातपाय धुऊन पाटावर बसला.

“मामा, आवाज ऐकलात?” हरिओमने विचारलं.

“हां. ऐकला की,” मामा म्हणाला आणि भाकरीचा केवढा तरी मोठा तुकडा तोंडात कोंबला. त्या रात्री मामी दोन भाकरी जेवली.

झोपायला जाताना मोनिकाने धीर करून मधल्या खोलीत डोकावलं. खोळ खुंटीलाच होती, जशीच्या तशी. पण नाक जवळ नेल्यावर वास आला. धुराचा. कढईत करपलेल्या तेलाचा.

---

“बंदूक आजारी आहे,” दुसऱ्या दिवशी सकाळी मोनिकाने जाहीर केलं. मामी कापूस वेचायला गेली होती. गोरक्षमामा ओढ्यापलीकडे मेंढरांमागे. “आपण तिला तपासायचं.”

“भुताच्या बंदुकीला?” सोमू ओरडला. “तू डॉक्टर हायस का मांत्रिक?”

“मी नेमबाज आहे. आणि भूत असेल तर ते शनिवारी येतं. आज रविवार आहे!”

या बिनतोड मुद्द्यापुढे सोमूचं काही चाललं नाही.

बागेच्या टोकाला मातीचा उंच बांध होता. त्याला टेकवून मोनिकाने कपड्यांच्या साबणाची नवीकोरी वडी उभी केली आणि दहा पावलं मोजली. “दोघं माझ्या मागे. पुढे कुणी यायचं नाही. काय वाटेल ते झालं तरी नाही!” तिने नळी ओढली. आतून कर्रर्र असा आवाज आला, कुणी दात खात असल्यासारखा. “ऐकलंस? हा आवाज येता कामा नये.” छर्रा घातला, नेम धरला, श्वास मिटला.

धाडऽऽ!

निळसर धुराचा लोट नळीतून निघाला. छर्रा साबणावरून कुठच्या कुठे गेला. आणि पुन्हा तेच, ऊंऽऽऽ…

“मोठे बाबा!” सोमूने आडवा झोपून डोकं गवतात खुपसलं.

मोनिकाही दोन पावलं मागे सरकली. पण कण्हणं कुठून आलं हे तिला आता कळलं होतं. तिच्या स्वतःच्या गालाखालून! बंदुकीच्या पोटातून! “अरे, ही स्प्रिंग कण्हतेय! आणि हा धूर तेलाचा. वारा ढकलणाऱ्या दट्ट्यापुढे तेल साचलं, की वारा दाबला जाताना तापतो आणि तेल भडकतं. सर म्हणतात, याने बंदूक मोठा आवाज करते आणि आतून जळते.”

दुसरा छर्रा. आवाज निम्मा झाला. तिसरा छर्रा साबणात नुसता डोकं खुपसून राहिला. खरं तर तो बोटभर आत जायला हवा होता. मग मोनिकाने वहीच्या कागदाची पट्टी फाडून नळीच्या सांध्यावर ठेवली आणि चौथा छर्रा मारला. पट्टी भुर्रकन उडाली.

“सांध्यातून वारा गळतोय,” ती म्हणाली. “स्प्रिंग मेली…” शब्द तिने अर्ध्यात गिळला. “स्प्रिंग गेलीय.”

“मंग खुंटीला टांगून टांगून खराब झाली असंल,” सोमू म्हणाला.

“टांगून स्प्रिंग खराब होत नाही. उडवून होते. छर्रा न घालता, रिकामीच सारखी उडवली, की दट्ट्याला पुढे अडवायला काही राहत नाही. तो धाडकन आपटतो आणि…”

“कुणी तरी येतंय!” हरिओम किंचाळला.

तिघांनी बंदुकीसकट मोसंबीच्या खोडामागे उडी घेतली.

मामी येत होती. धावत! कंबर धरलेली मामी कापसाच्या सरींतून धावत येत होती. ओटीत खोचलेला कापूस मागे सांडत होता, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. ती बांधाजवळ येऊन थांबली. धूर अजून रेंगाळत होता. मामीने हात पुढे करून त्या धुराला बोटं लावली.

“आलात?” ती म्हणाली. इतक्या हळू, की मोनिकाला ते ऐकू यायलाच नको होतं.

मामी तशीच उभी राहिली. मग तिने खाली वाकून गवतात काहीतरी बघितलं, पदर सावरला आणि आली त्याच वाटेने हळूहळू परत गेली.

मोनिकाला वाटलं, कुणीतरी आपल्याला जोरात थोबाडीत मारावी.

पाठोपाठ ओढ्याकडून गोरक्षमामा आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. “आज कसा?” तो स्वतःशीच बडबडत होता. “आज तर… आज कसा बार झाला? दादा?” आणि हा आडदांड, मिशीवाला मामा कोकरासारखा मागे न बघता घराकडे पळत सुटला!

संध्याकाळी त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “ती बंदूक घरात नको. दिवाळी होऊ द्या. येत्या रविवारी गंगेत सोडून येतो.”

मामी चुलीपुढे बसली होती. तिने चुलीत आणखी एक काटकी सारली.

---

“सहा दिवस!” मोनिका म्हणाली. “सहा दिवसांत बंदूक बरी करायची आणि भूत पकडायचं. नाहीतर ती गंगेत जाणार!”

“भूत पकडायचं म्हणजे नेमकं कुठं धरायचं?” हरिओमने विचारलं. “शेंडी असते का त्याला?”

सोमवारी तिघं “पणत्या आणतो” म्हणून घनसावंगीला निघाले. खोळीत त्यांनी उसाची दोन कांडी घालून ती खुंटीला टांगून ठेवली. आणि ज्या उसाची ती कांडी, त्याच उसाच्या मोळीत पोत्यात गुंडाळलेली बंदूक! जीपमध्ये चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि मोळी. शेजारी बसलेल्या बेबीनंदाबाईंनी मोळीकडे बघून ओठांवरून जीभ फिरवली.

“पोरा, एक कांडं दे की रं. घसा कोरडा पडलाय.”

“न्हाई आजी, देवाचा ऊस हाय!” सोमू म्हणाला.

“देव सगळा खातो का? हे जाडजूड दिसून राह्यलंय, हेच दे!” म्हणत त्यांनी बरोबर बंदुकीच्या दस्त्यालाच हात घातला.

“त्याला कीड लागलीय, आजी!” मोनिका घाईघाईने म्हणाली. “आतून पोखरलाय. दवाखान्यातच नेतोय!”

सगळी जीप हसली. बेबीनंदाबाई मात्र घनसावंगी येईपर्यंत त्या ‘उसा’कडे संशयाने बघत राहिल्या.

भागवतकाकांचं दुकान बस थांब्यामागे होतं. शिलाई मशीन, कुलपं, स्टो आणि जत्रेतल्या बंदुका, सगळ्यांचे आजार ते ऐकून घेत. पोतं उलगडताच त्यांनी बंदूक ओळखली आणि चष्मा काढला.

“ही तर भुजंगची. तो… म्हंजे, तो बाहेर…” ते अडले, चष्मा पुसायला लागले. “बराबर. बघू इकडं.”

त्यांनी बंदूक शिकंज्याच्या लोखंडी जबड्यात आवळून धरली. “लांब व्हा रे. दबलेली स्प्रिंग सुटली, तर बत्तिशी हातात येईल! घरी कधी उघडायची न्हाई ही.” हळूहळू, एकेक आटा सोडत त्यांनी बंदुकीचं पोट उघडलं. आधी तेल आलं. काळं, घट्ट, वास मारणारं तेल, चहाचा कप भरेल एवढं! मग दट्ट्या आला. त्याच्या तोंडावरचा चामड्याचा वॉशर, सायकलच्या पंपात असतो तसा, पण जळून कोळसा झालेला. आणि शेवटी स्प्रिंग. ती दोन तुकड्यांत बाहेर आली.

भागवतकाकांनी तुटलेलं टोक उन्हात धरलं. “हे बघ पोरी. आतमंदी गंज न्हाई, चमकून राह्यलंय. म्हंजे काय?”

“तुटून फार दिवस झाले नाहीत!” मोनिका म्हणाली.

“शाब्बास! आन् मागचं टोक ठोकून ठोकून चपटं झालंय. रिकामी उडवलीय हिला. एकदा न्हाई, शंभरदा. भुजंग असं कधी करायचा न्हाई. छर्‍याबिगर चाप वढणाऱ्याच्या हातावर तो छडी मारायचा.”

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. म्हणजे तो भुजंगमामा नव्हता! मोनिकाला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी छातीत काहीतरी रिकामं झालं.

भागवतकाकांनी नवं चामडं कापलं, तासलं, बसवलं. नवी स्प्रिंग घातली, तिला ग्रीसचं नुसतं बोट लावलं. सांध्याचा वॉशर बदलला, डुगडुगणारा बोल्ट आवळला. मग दुकानामागच्या भिंतीशी साबण ठेवून मोनिकाला म्हणाले, “मार.”

टप्प!

ना धूर, ना कण्हणं. छर्रा बोटभर आत! कागदाची पट्टी जागची हलली नाही.

“अशी बोलायची ही,” भागवतकाका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा चष्मा काढला.

परतीच्या जीपमध्ये हरिओम अचानक म्हणाला, “ताई, एक गंमत लक्षात आली का? शनिवारी बार झाला, तेव्हा आपण सगळे घाबरलो. गोरक्षमामा आरामात भाकरी खात होता. रविवारी बार आपण काढला, तर मामा पळत सुटला! का?”

मोनिका त्याच्याकडे बघतच राहिली. “कारण रविवारचा बार कुणी काढला, ते त्याला माहीत नव्हतं.”

“आन् शनिवारचा…” सोमू म्हणाला आणि एकदम भडकला. “ए! माझे बाबा काय भूत हायेत का?”

पण घरी आल्यावर त्यानेच खोळीतली उसाची कांडी काढून बंदूक परत आत घातली.

---

लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली, चिवड्याचा डबा तळाला गेला. शनिवार उजाडला. त्या दिवशी दुपारी मोनिकाने कापसाची जाड वात वळली, तिला दोरा बांधला आणि ती नळीच्या तोंडात चार बोटं आत दाबून बसवली. दोऱ्याचं टोक खोळीच्या शिवणीत लपवलं. मग तिघं कापसात शिरले. या खेपेला लपाछपी नव्हती.

मामी आली, वाटी घेऊन. आज ती बंदुकीशी भांडली नाही. तेल ओतलं, नळीवर तळहात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि गेली. मोनिकाने बाहेर येऊन दोरा ओढला. तेल प्यालेली जड वात अलगद बाहेर आली, नळी कोरडी राहिली.

उन्हं उतरली. कापसाच्या ढिगाऱ्यात अंधार दाटायला लागला.

मागचं दार करकरलं.

एक उंच सावली आत आली. खोळ सुटली. बंदूक घेऊन सावली बाहेर गेली, बागेच्या उजेडात आली. आणि सोमूने डोळे मिटून घेतले, कारण ते खरंच त्याचे बाबा होते.

गोरक्षमामाने नळी ओढली. ती लोण्यासारखी खाली आली, तेव्हाच तो जरा चमकला. त्याने नळीचं तोंड आभाळाकडे करून चाप ओढला.

खट्!

बस्, एवढंच. मामाने बंदूक हलवून पाहिली. घराकडे बघितलं. आत चुलीपाशी कुणीतरी ऐकत बसलेलं होतं, हे त्याला ठाऊक होतं. त्याने घाईघाईने पुन्हा नळी ओढली.

“मामा, नको! रिकामी उडवू नका! नवी स्प्रिंग आहे, तुटेल!” मोनिका कापसातून बाणासारखी बाहेर पडली. केसांत कापूस, भुवयांवर कापूस, पांढरीधोप! तिला बघून मामाने असं काही “अगं आईगंऽ!” केलं, की हरिओमला तशातही हसू फुटलं.

“पोरांनो… तुम्ही…” मामा मट्कन बांधावर बसला. बंदूक त्याने मांडीवर आडवी घेतली. “नवी स्प्रिंग?”

“जुनी तुमच्या बारांनी तुटली,” मोनिका म्हणाली. राग करायचा म्हणून ती आली होती. पण मामाच्या डोळ्यांत पाणी बघून आवाज खाली आला. “का करता असं?”

“माकडं आल्ती बागेत,” मामा नळीवरून हात फिरवत म्हणाला. “मागल्या साली, एका शनिवारी. त्यांना हाकलायला म्हणून बार काढला. तर आत तेल होतं, आवाज केवढा झाला! घरात गेल्तो तर वहिनी हसून राह्यली. सहा महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली. एका शनिवारी न्हाई काढला, तर उपाशीच झोपली. मंग मी काय करू? तूच सांग! दादा येऊन गेला, एवढं जरी तिला वाटलं…”

“मला तसं कधी वाटलंच न्हाई, भावजी.”

मामी मागच्या दारात उभी होती. कधीपासून, कुणास ठाऊक.

“त्यांचा बार मी बारा वर्षं ऐकलाय. त्यांचा बार कधी रिकामा नसायचा. पहिल्याच शनिवारी मला कळलं, हे तुम्ही हायेत.” ती पुढे आली. “मला वाटलं, तुम्हाला दादाची आठवण आली की तुम्ही असं करता. त्या दिवशी तुम्हीबी घास धड खाल्ला. आधी गंजू नये म्हणून तेल घालायची, मंग तुमच्यासाठी घालीत राह्यले. आवाज मोठा व्हावा, तुमचं मन हलकं व्हावं, म्हणून.”

मामा तोंड उघडं टाकून बघत राहिला. मोनिकाने सोमूकडे पाहिलं, सोमूने हरिओमकडे. म्हणजे दोन मोठी माणसं पावणेदोन वर्षं एकमेकांसाठी भूत सांभाळत होती!

“पण मामी,” मोनिकाने चाचरत विचारलं, “त्या रविवारी तू पळत आलीस…”

“हां.” मामीने पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. “त्या दिवशी भावजी मला ओढ्यापल्याड दिसून राह्यले होते. मेंढरांत. आन् बार झाला. मंग पाय थांबलेच न्हाईत माझे. आले तर गवतात साबणाचा चुरा आन् तुमच्या चपलांचे ठसे. तिथंच उभी राहून म्हणलं, उषे, बास आता.”

मामाने चेहरा पंच्यात लपवला. मामीने त्याच्या मांडीवरची बंदूक उचलून मोनिकाच्या हातात दिली.

“छर्रा घाल. बघू, काय केलंत तुम्ही हिचं.”

शेंड्याच्या फांदीवर माकडांनी अर्धं खाल्लेलं मोसंबं लटकत होतं. मोनिकाने फांदीपलीकडे उघडा माळ आहे ना, ते पाहिलं, सगळ्यांना मागे घेतलं. छर्रा घातला. डोळा उघडा ठेवला, श्वास मिटला.

टप्प!

मोसंबं देठापासून तुटून खाली पडलं.

“आरं बाप रे!” मामा ओल्या डोळ्यांनी उभाच राहिला. “बरोबर देठ! पोरी, निवडीला दुसरं कुणी जाऊच नये आता! आन् स्प्रिंग कुणी ओळखली? तेल कुणी ओळखलं?”

“तेल ताईने, भूत मी!” हरिओम म्हणाला. “आणि सोमूने फक्त गवत खाल्लं!”

“थांब तुला दावतो!” सोमू त्याच्यामागे धावला.

मामी हसली. मग मोनिकाच्या केसांतला कापूस एकेक करून वेचायला लागली. “हुशार गं माझी बाय! बंदूक तुझीच हाय. जालन्याला घेऊन जाय, उद्या सकाळच्या जीपनंच. रोज छर्रे मार.”

“पण वहिनी,” गोरक्षमामा सवयीने म्हणाला, “दादाला एकदा विचारून…”

वाक्य तसंच राहिलं. पळणारी मुलंही थांबली. मामीची बोटं मोनिकाच्या केसांत स्थिर झाली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. ते ‘आमचे’ होते, ‘हे’ होते, ‘तुमचे दादा’ होते. आता तिने मान वर केली, दिराच्या डोळ्यांत बघितलं आणि आवाज अजिबात न कापता म्हणाली,

“भुजंग गंगेत वारले, भावजी. ते आता येणार न्हाईत.”